हरभरा कोनाचा?

हरभरा घाट्यावर आला की आमच्या घरात झोपेची वाटणी व्हायची. अर्धी रात्र बाबांची, अर्धी मोठ्या भावाची. मी शाळेत शिकत होतो म्हणून माझ्या वाट्याला फक्त शनिवार. जागल म्हणजे काय, हे मंगरूळपीर तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शहरातल्या वाचकासाठी सांगतो: आपणच पेरलेलं पीक आपल्याच घरी यावं म्हणून थंडीच्या रात्री उघड्या वावरात, माळ्यावर बसून टिनाचा डबा वाजवत राहायचं, याला जागल म्हणतात.

येणारे तिघं. रानडुक्कर खातं त्याहून जास्त उकरून टाकतं. रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, घोड्याएवढं धूड. त्यांचा कळप नुसता वावरातून गेला तरी पीक आडवं होतं. तिसरी हरणं. कारंज्याजवळ सोहोळला काळविटांसाठी 2000 साली अभयारण्य झालं, सुमारे 18 चौरस किलोमीटरचं. पण हरणाला हद्दीचा दगड वाचता येत नाही.

धुऱ्याशेजारचे काका एकदा बाबांना म्हणाले, "माह्या वावरात रोह्यानं तोंड घातलं त तो सरकारचा. मी त्याले मारला त बी तो सरकारचाच. मंग हरभरा कोनाचा, भाऊ?"

बाबा हसले. उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. मला मात्र हा प्रश्न आजवर सुटलेला नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. कायदा देशाचा, राबवतं राज्याचं वनखातं. त्याच्या 11व्या कलमात वाट ठेवलेली आहे: रोही किंवा डुक्कर उभं पीक नासवत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी ते मारायची परवानगी देऊ शकतो. काळवीट पहिल्या अनुसूचीतलं. पीक खाल्लं म्हणून त्याला मारता येत नाही. हरभऱ्याला अनुसूची कळत नाही, तो दोघांच्याही पोटात सारखाच जातो.

पण समजा, परवानगी हातात आली. बाबांनी रोही मारला असता का? मला नाही वाटत. "त्यालेबी पोट हाये," असं ते म्हणत. अन् थोडं थांबून, "मलेबी हाये." या दोन वाक्यांच्या मधली जागा कुठलाही परवाना भरून काढत नाही.

1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीनं नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांवर दया करणं घातलं. कर्तव्य प्रत्येक नागरिकाचं आहे, फक्त सातबारा असणाऱ्याचं नाही. तरी या दयेची किंमत मोजतो कोण? पुण्या-मुंबईचा माणूस अभयारण्यात जिप्सीतून काळवीट पाहतो, फोटो काढतो, त्याचं मन भरून येतं. ते प्रेम खोटं नाही. पण तेच काळवीट रात्री ज्याच्या वावरात चरतं, तो दया करतो की दंड भरतो? दुसऱ्याच्या ताटातून दानधर्म करणं सोपं असतं.

जनावराची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचं रान गेलं कुठं? गावोगावच्या ई-क्लास जमिनी नांगराखाली आल्या, माळरान म्हणजे पडीक असं कागदानंच ठरवलं, डुकराला धाक असणारा लांडगा दिसेनासा झाला. याच गवतात तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी राहायचा. ज्या फासेपारध्यांच्या पिढ्या शिकारीवर जगल्या, त्यांच्यातलेच काही लोक कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेसोबत आपल्या भागातली माळरानं राखतात. ज्यांच्याकडे जमीन जवळजवळ नाही, त्यांनी गवत राखावं, हे सगळ्यांनाच विचारात पाडणारं आहे.

पूर्वी खळ्यावर रास झाली की वाटे निघत. सुताराचा, लोहाराचा, आणि पाखरांसाठी मूठभर दाणे बाजूला. तो कुणाला जड वाटत नसे, कारण तो आपण दिलेला असे. दिलेला वाटा आणि ओरबाडलेला घास, दाणे तेवढेच असले तरी एक नव्हेत.

म्हणून मला राज्याचा 2023 चा भरपाईचा कायदा महत्त्वाचा वाटतो. वन्यप्राण्यांमुळं झालेल्या नुकसानीची रक्कम 30 दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासकट. लोक याला मदत म्हणतात. मी म्हणत नाही. रोही जगावा असं सगळ्या समाजानं ठरवलं असेल, तर त्याच्या चाऱ्याचं बिल एकट्या शेतकऱ्याच्या नावावर का? भरपाई म्हणजे उरलेल्यांनी उचललेला आपला वाटा.

तो वाटा वेळेवर आला नाही, तर काय होतं तेही पाहा. पंचनाम्याची वाट पाहून थकलेला माणूस कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटतं, बैल चिकटतो, कधी पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस चिकटतो. तो गुन्हाच आहे, त्याची तरफदारी होऊ शकत नाही. पण पैसा उशिरा देणाऱ्या टेबलाचा त्यात काहीच हात नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

झोपेची भरपाई कुठल्याच कायद्यात नाही, होऊही शकत नाही. पण रोह्याला पोट आहे आणि शेतकऱ्यालाही आहे, ही दोन वाक्यं एका दमात म्हणणारा समाज असेल, तर निदान जागल एकट्याची राहणार नाही.