खंजिरीवाल्याचं आजारपण

११ ऑक्टोबर १९६८ रोजी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले. वय ५९. रोग कर्करोग. तिथी आश्विन वद्य पंचमी, म्हणजे दिवाळीला अवघे दहा दिवस उरलेले. सोयाबीन आणि कपाशीच्या ऐन धांदलीत आजही वर्धा नदीच्या अलीकडून, आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, हिंगणघाट या भागांतून माणसं या तिथीला मोझरीला जातात आणि नेमक्या त्या मिनिटाला हजारोंचा समुदाय मौन धरतो.

या माणसाला आपण संत म्हणतो, राष्ट्रसंत म्हणतो, समाजसुधारक म्हणतो. ते सगळं खरंच आहे. पण मला आज त्यांच्याकडे पाहायचं आहे ते स्वतःची पदं स्वतः रचणारा, स्वतः चाली बांधणारा आणि खंजिरीवर स्वतःच गाणारा एक कलावंत म्हणून. अशा माणसाला असाध्य आजार होतो तेव्हा काय होतं, हा प्रश्न आपण त्यांच्या बाबतीत कधी नीट विचारलेला नाही. चरित्रांमध्ये शेवटचा काळ भराभर उरकला जातो. ‘महाराजांनी देह ठेवला’ असं म्हटलं की देहाचं काय झालं होतं ते सांगायची गरज उरत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत ३० एप्रिल १९०९ रोजी माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा जन्मला. वडील शिवणकाम करणारे, घरात दारिद्र्य, शाळा थोडकी. वरखेडच्या आडकुजी महाराजांची संगत लागली आणि माणिकचा तुकड्या झाला. पुढे रामटेक, रामदिघी, सालबर्डीच्या रानांत भटकंती झाली. हाती आली ती एक खंजिरी. हे वाद्य गरिबाला परवडणारं, कुठेही नेता येणारं. पेटी नसली तरी चालतं, साथीदार नसला तरी चालतं. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत त्यांनी हजारोंनी पदं रचली आणि लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या चालींच्या अंगाने ती बांधली. पद ऐकणाऱ्याला तिसऱ्या कडव्यापर्यंत साथ धरता यायची. हे सहज घडलेलं नव्हतं. दुसऱ्यांनी गावं, म्हणूनच ते पद बांधलेलं असे.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. त्याच वर्षी त्यांच्या बोलावण्यावरून सत्तावीस वर्षांचा हा गायक तिथे जवळजवळ महिनाभर राहिला. त्या गावाचं नाव नंतर सेवाग्राम झालं. गांधीजी मौनात असताना भजन ऐकून कसे डोलले, याच्या कथा आपल्या भागात पुष्कळ सांगतात. मला त्या कथांपेक्षा तेव्हाचं शेगाव महत्त्वाचं वाटतं. तिथे चिखल होता, डास होते, हिवताप होता. त्याच वर्षी सप्टेंबरात खुद्द गांधीजी हिवतापाने आजारी पडले आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवावं लागलं. प्रार्थना आणि संडास, भजन आणि ताप हे विषय तिथे वेगवेगळ्या कप्प्यांत नव्हते. १९३९ मध्ये कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा करत. त्याआधी, १९३६ मध्येच, मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम उभं केलं होतं. रोग लपवायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं आणि शेजारी बसायचं, ही या वर्धा जिल्ह्याची कमाई आहे. तुकडोजींचं गाणं या मातीतून गेलं, म्हणून त्यात देवळाइतकीच गल्लीची गटार आली.

मग १९४२ आलं. १६ ऑगस्टला आमच्या जिल्ह्यातलं आष्टी इंग्रजांविरुद्ध पेटलं, त्याच दिवशी चिमूरही. या उठावामागे तुकडोजींच्या भजनांनी दिलेला जोर होता, हे इंग्रज सरकारला कळत होतं. २८ ऑगस्टला त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ते डिसेंबरपर्यंत राहिले. भजनं गाणाऱ्याला सरकार घाबरतं ते त्याच्या एकट्याच्या आवाजामुळे नाही. तो गेला तरी गाव गात राहील, याचं ते भय असतं.

इथे मला कुमार गंधर्व आठवतात. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला कित्येक वर्षं गाणं बंद राहिलं. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली, आणि उठले ते नव्या गायकीसह. आजारपण आणि कलावंत म्हटलं की आपल्या मनात हेच चित्र असतं: एकटा माणूस, त्याची झुंज, त्यातून उजळलेली कला. ते चित्र थोरच आहे. पण तुकडोजींची गोष्ट त्यात बसत नाही. त्यांनी आजारपणाची कला केली नाही, कारण त्यांची कला कधी त्यांच्या गळ्यावर विसंबलीच नव्हती. १९३५ साली गुरुकुंज उभं केलं, गावोगाव श्रीगुरुदेव सेवा मंडळं निघाली, आणि सामुदायिक प्रार्थना बसवली गेली. संध्याकाळी रांगेत बसायचं, जातपात विसरायची, ठरलेल्या पदांनी सुरुवात करायची. मुख्य गायक नसला तरी प्रार्थना होते. १९५५ मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेत खंजिरी घेऊन गेले, तेव्हाही इकडच्या खेड्यांत प्रार्थना चालूच होती. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत अवघड रचना कोणतं पद नसून ही व्यवस्था आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. १९६८ मध्ये रोगाने त्यांचं शरीर घेतलं. गाणं त्याच्या वीस-तीस वर्षं आधीच लोकांना देऊन झालेलं होतं.

पण ही समाधानाची गोष्ट इथेच थांबवता येत नाही. लोकांना गाणं दिलं, हे ठीक. पण ज्यांना दिलं त्यांच्या गळ्यांचं काय?

विदर्भात कुठल्याही पानठेल्यावर उभे राहा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार झालेला खर्रा हातात पडतो. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. आमचा वर्धा जिल्हा तर गांधी-विनोबांचा म्हणून गेली कित्येक दशकं दारूबंदीचा जिल्हा. खर्रा मात्र शाळकरी पोरापासून भजनातल्या टाळकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या गालात. सुपारीने गालाची आतली कातडी पांढरी, कडक होत जाते, तोंड आखडतं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. या लोकांच्या तोंडात दोन जात नाहीत, पुढे एकही जात नाही. तिखट सोसत नाही, भाकरीचा घास जात नाही, आणि पदातला लांब ‘आ’कार लावता येत नाही. यातल्या काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. हे एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं डोळ्यांदेखत होतं. सुरुवातीला दिसलं तर वाचवता येतं.

महाराजांच्या कर्करोगाचा तंबाखूशी संबंध होता असं मला मुळीच सुचवायचं नाही. सांगायचं आहे ते वेगळं. नागपुरात ज्या कर्करोग रुग्णालयाकडे आमच्या भागातले रुग्ण जातात, त्याला राष्ट्रसंत तुकडोजींचं नाव आहे. म्हणजे जो गायक या रोगाने गेला, त्याचं नाव दारावर वाचून त्याचीच पदं म्हणणारी माणसं आत शिरतात, आणि फार उशिरा शिरतात. कारण घरात रोगाचं नाव घेतलं जात नाही. ‘मोठा आजार आहे,’ ‘गाठ आली आहे,’ ‘तोंडात फोड आहे, जाईल’ असं म्हणत महिने निघून जातात. तोवर झाडपाला होतो, अंगारा होतो, शेतीचा हंगाम होतो. मुंबईचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, पण शेतकऱ्याला ते अजून परमुलुखासारखं वाटतं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय मात्र जवळ आहे. १९६९ मध्ये, महाराज गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, तिथे डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, ते मुळात खेड्यांसाठीच. उशीर अंतरामुळे होत नाही, बोलण्याच्या संकोचामुळे होतो.

आणि हा संकोच तुकडोजींच्या वाङ्मयाशी बेइमानी आहे. त्यांच्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. त्यात ग्रामशुद्धीवर स्वतंत्र अध्याय आहे, ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. विहीर, केरकचरा, व्यसन, आहार, व्यायाम हे विषय ओवीत आणणं सोपं नसतं. भाविक श्रोता अशा ठिकाणी उठून जायची भीती असते. त्यांनी ते धाडस केलं. आपण मात्र त्यांची पोथी पाटावर ठेवून फुलं वाहतो आणि आरोग्याचा अध्याय वाचून झाल्यावर अंगणात येऊन खर्ऱ्याची पुडी सोडतो. हे मी रागाने लिहितो आहे, कारण या अंगणांत माझीही माणसं बसलेली आहेत आणि त्यांतले दोन आवाज आता प्रार्थनेत ऐकू येत नाहीत.

तेव्हा सेवा मंडळांच्या प्रमुखांना, भजनी मंडळांना आणि पुण्यतिथीच्या आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुण्यतिथीच्या सप्ताहात एक संध्याकाळ ग्रामआरोग्याच्या अध्यायाला द्या, आणि वाचन संपल्यावर महाराज कोणत्या रोगाने गेले ते मंडपात मोठ्याने सांगा. त्याच मंडपात गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलवा, टॉर्च आणू द्या, प्रत्येक गाणाऱ्याचं तोंड तपासू द्या. पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, आखडलेलं तोंड, बसलेला आवाज, यातलं काही दिसलं तर त्या माणसाला एकट्याला सोडू नका. दुसऱ्याच दिवशी मंडळातल्या दोघांनी त्याच्यासोबत सेवाग्रामला किंवा नागपूरला जावं.