ऐच्छिक, पण सही करेपर्यंतच

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीविरुद्ध निकाल दिला. तोवर कंपनीने गाशा गुंडाळून दीड वर्ष उलटलं होतं. फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती फसवून गोळा केल्याचा गाजलेला आरोप निकालात होताच. पण त्याच्या शेजारी एक किरकोळ वाटणारी बाबही नोंदलेली होती. युरोपातल्या लोकांची माहिती अमेरिकेत आणण्यासाठी असलेल्या ‘प्रायव्हसी शील्ड’ या व्यवस्थेतलं कंपनीचं प्रमाणपत्र मे २०१८ मध्येच संपलं होतं, तरी आपण तिचे सभासद आहोत असं ती सांगत राहिली. शिवाय सभासद असताना गोळा केलेल्या माहितीला तेच संरक्षण यापुढेही देत राहू, असं बाहेर पडताना सरकारला कळवावं लागतं, तेही तिने कळवलं नाही.

मला हा किरकोळ भागच जास्त बोलका वाटतो. व्यवस्थेत या म्हणून कुणी सक्ती केली नव्हती. पण एकदा आत आल्यावर बाहेर पडणं काही कंपनीच्या एकटीच्या मर्जीवर राहिलं नाही.

या व्यवस्थेचा इतिहास धरसोडीचा आहे. २००० साली ‘सेफ हार्बर’ आलं, ते युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये रद्द केलं. २०१६ साली आलेलं ‘प्रायव्हसी शील्ड’ जुलै २०२० मध्ये त्याच न्यायालयात पडलं. जुलै २०२३ पासून ‘डेटा प्रायव्हसी फ्रेमवर्क’ लागू आहे. दर वेळी पाटी बदलली, सांगाडा बराचसा तोच राहिला. कंपनी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याला स्वतःच लिहून देते की आम्ही ही तत्त्वं पाळतो. आपल्या गोपनीयता धोरणात तसं जाहीर करते, फी भरते आणि दरवर्षी नूतनीकरण करते. कुणी तक्रार केली तर ४५ दिवसांत उत्तर द्यायचं. तेवढ्यावर भागलं नाही तर त्रयस्थ यंत्रणेकडे जाण्याची सोय ठेवायची, तीही तक्रारदाराला फुकट. माहिती पुढे दुसऱ्याला हाताळायला दिली, समजा हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीला, तरी तितकंच संरक्षण मिळेल असा करार करायचा. व्यवस्था सोडायची असेल, तर गोळा केलेली माहिती परत करा किंवा पुसून टाका. ठेवायचीच असेल तर तिला तेच संरक्षण देत असल्याचं दरवर्षी कळवत राहा. खात्याच्या जाहीर यादीत सोडून गेलेल्यांची नावंही वेगळी दाखवलेली असतात.

या सगळ्यामागे कायद्याचा आधार आहे तो १९१४ च्या फेडरल ट्रेड कमिशन कायद्यातल्या पाचव्या कलमाचा. ग्राहकाची फसवणूक करणारा व्यवहार हे कलम बेकायदा ठरवतं. खासगी माहितीबद्दल सर्व क्षेत्रांना लागू होणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत आजही नाही, त्यामुळे बरंच ओझं याच कलमावर येऊन पडतं. याचा एक विचित्र परिणाम होतो. माहितीचा हवा तसा वापर करणारी पण कसलंच आश्वासन न देणारी कंपनी बऱ्याचदा सुटते, आणि आश्वासन देऊन त्यात कमी पडलेली कंपनी सापडते. मग वकील धोरणाच्या मसुद्यातून एकेक ठाम वाक्य काढून टाकायला सांगतात, यात नवल ते काय! शब्द मोडण्याला शिक्षा आणि शब्द न देण्याला मोकळीक असेल, तर शब्द देणारे घटतात. ऐच्छिक व्यवस्थेच्या समर्थकांनी या प्रश्नाला सरळ उत्तर दिलेलं माझ्या वाचनात नाही.

शिवाय शिक्षा तरी केवढी? पहिल्यांदा सापडलेल्याला या कलमाखाली सहसा दंडच नसतो, आदेश निघतो. दंड बसतो तो आदेश मोडल्यावर. फेसबुकला २०१९ साली पाच अब्ज डॉलर भरावे लागले, ते २०१२ चा आदेश मोडल्याच्या आरोपावरून.

शिक्का देणाऱ्याचंच काय, हा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. ‘ट्रस्ट-ई’ ही संस्था संकेतस्थळांना गोपनीयतेचा शिक्का देत असे. सुरुवात ना-नफा संस्था म्हणून झाली आणि २००८ साली ती नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली. शिक्का घेतलेल्यांची दरवर्षी फेरतपासणी करतो, असं ती सांगे. २००६ ते २०१३ या काळात हजाराहून अधिक वेळा ती फेरतपासणी झालीच नव्हती, असा आरोप कमिशनने २०१४ साली ठेवला. दोन लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं. बेंजामिन एडेलमन या संशोधकाने त्याआधीच दाखवून दिलं होतं, की या संस्थेचा शिक्का असलेली संकेतस्थळं बेभरवशाची निघण्याचं प्रमाण शिक्का नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त आहे. ज्याला विश्वास विकत घ्यायची गरज, तोच आधी रांगेत उभा राहतो. त्यात तपासणाऱ्याचं बिल तपासला जाणाराच भरतो. गिऱ्हाईक नापास करण्याची हौस कुणाला असणार?

तरीही पैसे कोण देतो एवढ्यावरून सगळ्या प्रमाणपत्रांना निकालात काढता येत नाही. शिकागोत १८९४ साली विल्यम मेरिल या तरुण अभियंत्याने विजेच्या सामानाची चाचणी सुरू केली. त्यातूनच ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ उभी राहिली. तिथेही शुल्क उत्पादकच देतो. पण चाचणीमागे आगीची भरपाई देणाऱ्या विमा कंपन्यांचा पैसा होता. शिक्का खोटा ठरला तर खिसा त्यांचा कापला जाणार होता. आजही तिचे निरीक्षक न कळवता कारखान्यात जातात आणि तयार होणारा माल मंजूर नमुन्याशी ताडून पाहतात. ट्रस्ट-ईच्या शिक्क्यावर विसंबून कुणी फसला, तर झळ लागायची ती त्या फसलेल्यालाच.

आपल्याकडे ‘आयएसओ मानांकित’ ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेच्या शाळा गावोगाव दिसतात. त्यानिमित्ताने दप्तर लागलं, स्वच्छतागृहं दुरुस्त झाली, हे खरंच आहे आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण जिनिव्हाची आयएसओ स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते देतात स्वतंत्र संस्था, तेही ठरावीक मुदतीचं. प्रवेशद्वारावरच्या रंगवलेल्या पाटीवर मात्र ना त्या संस्थेचं नाव असतं, ना मुदत. मुदत संपली म्हणून पाटी उतरवल्याचं कधी ऐकलंय?

निदान कंपन्यांच्या बाबतीत आपला कायदा इथे अमेरिकेपेक्षा कडक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्याच वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. मुदत संपलेला शिक्का पाकिटावर छापणं यात बसू शकतं. पण तो संपलाय हे ग्राहकाने ओळखायचं कसं? आपल्याकडे प्रमाणपत्रं देणाऱ्या खासगी संस्थांवर, आपल्या शिक्क्यातून कोण गळालं, कोण सोडून गेलं, याची यादी तारखेसह जाहीर करण्याची सक्ती हवी. ही एवढी एक गोष्ट अमेरिकेच्या वाणिज्य खात्याकडून जशीच्या तशी उचलायला हरकत नाही.