जुन्या गावात जुनं काय असतं?

खापा जुनं गाव, हे सगळेच सांगतात. पुरावा मागितला की नगरपालिकेचं साल पुढे करतात, १८६७. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ च्या जानेवारीत सुरू झाली, म्हणजे आमची नगरपालिका तिच्याहून दहा वर्षांनी थोरली. पण कागदाचं वय आणि गावाचं वय एकच कसं? आम्ही कन्हानकाठचे कोष्टी. आमच्या घरात जुनं म्हणून दाखवायला मागाचा खड्डा तेवढा होता.

स्पेनमधलं तोलेदो १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली सांता मारिया ला ब्लांका ज्यूंचं प्रार्थनामंदिर म्हणून उभी राहिली आणि पुढे तिचं चर्च झालं. खांब, कमानी तिथेच राहिल्या. प्रार्थना करणारे गेले. आमच्याकडे नेमकं उलटं. हातानं कातलेलं सूत गेलं, गिरणीचं आलं. रंग बदलले, धोटासुद्धा बदलला. विणणं तेवढं टिकलं. मग यातलं जुनं कोणतं? राजा मिलिंदाला बौद्ध भिक्खू नागसेनानं हेच विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? एकेक भाग बाजूला केल्यावर रथ हाती लागतच नाही.

नागसेनाला मान देऊनही मला वाटतं, आमच्या आजीकडे या प्रश्नाचं एक कामाचं उत्तर होतं. ताणा संपत आला की ती तो पुरा कापून काढत नसे. फणीतून आलेली जुनी टोकं तशीच राखायची, बोटांना चुलीतली राख लावायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पीळ देऊन सांधायची. शेकडो धागे, पूर्ण दुपार. मध्ये कोणी बोललं तर ओरडायची, ‘थांब नं बाप्पा, धागा चुकन!’ मग सगळा ताणा हलकेच पुढे ओढला की नवं सूत जुन्याच्या मागोमाग फणीतून आपसूक जाई. नव्या लुगड्यात जुन्या सुताचा तंतूही नसे, तरी माग एकदाही रिकामा झालेला नसे. खंडेनवमीला हळदकुंकू लागायचं ते धोट्याला, विणलेल्या लुगड्याला नाही. ही पूजा मला अंधश्रद्धा वाटत नाही. वस्तू जाणार, कृती राहिली पाहिजे, एवढंच ती सांगते, आणि आत्मा नित्य की अनित्य या वादापेक्षा मला ते जास्त पटतं.

अडचण एवढीच, की कृतीला हात लागतात. तोलेदोची कमान कोणी पाहिली नाही तरी उभी राहील. आमची सांधणी एक पिढी चुकली की संपली. वारसा म्हणून प्रवेशद्वारं आणि फलक उभारण्याआधी याचा विचार व्हावा. ज्यांच्या घरी ताणा सांधणारं माणूस अजून आहे, त्यांनी येत्या सुट्टीत एखाद्या पोराला त्याच्याजवळ बसवावं. पोरगं विणकर नाही झालं तरी चालेल.