प्रतिरूप देश आणि शेजाराची निवड

शहरातील जागा सोडून उपनगरात घर घेऊ पाहणारे कुटुंब फ्लॅटची किंमत, कार्पेट एरिया, स्टेशनपासूनचे अंतर, शाळा आणि पाण्याची वेळ यांची चौकशी उघडपणे करते. त्याच वेळी, काहीशा दबल्या आवाजात पण तितक्याच नेमाने, तिथली माणसे कशी आहेत हेही विचारून घेते. लहान मुले असलेल्या घराला हा शेवटचा प्रश्न सर्वांत जवळचा वाटतो, आणि तो केवळ व्यवहाराचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मुलांना चांगली संगत मिळवून देणे हे गृहस्थाचे कर्तव्य मानले, तर वस्ती पारखणे त्या कर्तव्यातच येते. पण वस्ती पारखणे म्हणजे माणसे पारखणे असेल, तर कोणत्या कसोटीने पारखावे आणि ज्यांना वगळले जाते त्यांचे काय, हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो. धर्मपरंपरांनी या दोन्ही बाजूंचा विचार केलेला आहे, आणि तो आजच्या घरखरेदीपासून वाटतो तितका दूर नाही.

मुंबईपुरते पाहिल्यास ही निवड सर्वांच्या हाती येण्यास फार काळ लागला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि शहराबाहेर राहून शहरात काम करण्याची शक्यता निर्माण झाली. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव या भागांत आखीव वसाहती उभ्या केल्या. आणि १९८२च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागमधील असंख्य कुटुंबे डोंबिवली, कल्याण, बदलापूरच्या दिशेने सरकली. पालघर हा वेगळा जिल्हा होण्यापूर्वी, २०११च्या जनगणनेत ठाणे हा सुमारे एक कोटी दहा लाख वस्तीचा, देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला, यामागे हे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर होते. चाळीतील शेजार नशिबाने मिळत असे अशी एक हळवी समजूत आहे. प्रत्यक्षात अनेक चाळी एका गावच्या किंवा एका जातीच्या लोकांनीच भरलेल्या असत. निवड तेव्हाही होतीच, फक्त ती घरातल्या कर्त्या माणसाऐवजी जात आणि गाव करीत असे.

संन्यासपर विचारधारेला हा सारा प्रश्न गौण वाटतो. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना एकांत स्थळी राहण्याची आवड आणि लोकांच्या गर्दीत मन न रमणे यांचा समावेश केला आहे, आणि महानुभाव पंथाच्या आचारधर्मात साधकाने ओळखदेख नसलेल्या दूरच्या प्रदेशात, झाडाखाली राहावे असा आदेश आहे. ज्याला संग, म्हणजे माणसांची व विषयांची आसक्ती, तोडायची आहे त्याला शेजार निवडण्याचे कारणच उरत नाही. परंतु ही निवृत्तीची, म्हणजे संसारातून बाजूला होण्याची वाट आहे. दोन मुलांना शाळेत घालायचे असलेल्या आईबापांवर ती लादणे योग्य नव्हे, आणि त्या वाटेच्या आचार्यांनीही ती गृहस्थावर सरसकट लादलेली नाही.

गृहस्थाच्या बाजूने सर्वांत नेमका विचार पाली वाङ्मयातील मंगलसुत्तात आढळतो. महाराष्ट्रातील बौद्ध घरांत गृहप्रवेशासारख्या प्रसंगी हे सुत्त महामंगल सुत्त म्हणून म्हटले जाते, त्यामुळे नव्या घराच्या उंबऱ्यावर ते ऐकलेली माणसे येथे लाखोंनी आहेत. खरे मंगल कोणते या प्रश्नाला उत्तर म्हणून बुद्धांनी सांगितलेल्या, परंपरेने अडतीस मोजल्या जाणाऱ्या, मंगलांमध्ये प्रतिरूप देशी वास, म्हणजे योग्य ठिकाणी राहणे, हे आरंभीच येते. त्याआधी मूर्खांची संगत टाळणे आणि शहाण्यांची संगत धरणे यांचा उल्लेख आहे, म्हणजे संगतीची निवड येथे निःसंकोचपणे मान्य केलेली आहे. टीकाकारांनी प्रतिरूप देशाचा अर्थ देताना जेथे भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका अशा चारही परिषदा वावरतात, जेथे दानासारखी पुण्यकर्मे चालतात आणि जेथे शास्त्याची, म्हणजे बुद्धांची, शिकवण जिवंत आहे असा प्रदेश, असे सांगितले. या व्याख्येत तेथील लोकांचे कूळ, धंदा किंवा संपत्ती यांना स्थान नाही. तेथे काय केले जाते याला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रतिरूप देश ज्या गाथेत येतो त्याच गाथेत स्वतःला योग्य दिशेने लावणे हेही मंगल म्हणून गोवलेले आहे. राहणाऱ्याच्या आचरणापासून वेगळी काढून जागेची योग्यता मोजता येत नाही, असा या मांडणीचा आशय दिसतो, आणि प्रस्तुत प्रश्नाचे मर्म बहुधा येथेच आहे.

चिनी परंपरेतील मेन्सियसच्या आईची कथा याच संदर्भात नेहमी सांगितली जाते. मेन्सियस हा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला, कन्फ्यूशियसच्या मार्गाचा थोर विचारवंत. कथेनुसार त्याचे घर आधी स्मशानाजवळ होते आणि मुलगा अंत्यविधींचा खेळ खेळू लागला, म्हणून आईने बाजाराजवळ घर केले. तेथे तो विक्रेत्यांची नक्कल करू लागला, म्हणून तिने पुन्हा बिऱ्हाड हलवले आणि शाळेजवळ नेले, जेथे तो विनयाचे शिष्टाचार शिकू लागला. मूल उपदेशापेक्षा अनुकरणाने घडते हे या आईने ओळखले होते, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा संसार उचलण्याचे कष्ट तिने सोसले, याबद्दल तिच्याविषयी आदरच वाटतो. तरीही स्मशानाजवळ आणि बाजारात राहणाऱ्यांनाही मुले होती, आणि त्यांचे काय झाले याविषयी कथा मूक आहे. प्रत्येक समर्थ कुटुंबाने आपल्यापुरती वस्ती बदलली, तर मागे उरणारी वस्ती दर वेळी थोडी अधिक दुबळी होते. त्यावर तोडगा म्हणून कोणत्याही एका आईला मुलाचे हित सोडण्यास सांगता येणार नाही. मात्र स्थलांतराचा हा हिशेब नैतिक विचारातून वगळताही येत नाही.

निवडीचा अधिकार वगळण्याच्या अधिकारात कसा बदलतो याचे भारतातील सर्वांत वेदनादायक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात आहे. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झालेल्या या विद्वानाला राहण्यास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते ओळख लपवून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन्ही स्नेह्यांनी आसरा देण्याचे टाळले, आणि मुंबईची गाडी मिळेपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. त्यांना नाकारणाऱ्या घरांतील माणसे दुष्ट होती असे म्हणण्याची गरज नाही. आपले घर, आपली वस्ती जपावी एवढेच त्यांना वाटत असणार, आणि म्हणूनच ही घटना आजच्या घर पाहणाऱ्यालाही लागू पडते.

कायद्याने या बाबतीत बरीच मोकळीक ठेवली आहे. अहमदाबाद येथील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारा संस्थेचा उपविधी, म्हणजे तिचा अंतर्गत नियम, वैध ठरवला. संख्येने घटत चाललेल्या समाजाला आपली जीवनपद्धती टिकवण्यासाठी एकत्र राहावेसे वाटणे समजण्यासारखे आहे, आणि बहुसंख्य समाजाने तोच नियम लावला तर त्याचा परिणाम पूर्ण वेगळा होतो, हेही तितकेच खरे आहे. न्यायालयाचा निर्णय संस्थेला काय करता येते हे सांगतो. तसे करावे का, हा धर्माचा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

एकनाथांचे चरित्र या प्रश्नाला मराठी माणसाच्या अधिक जवळ आणते. पैठणच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्य मुलाला कडेवर घेऊन त्याच्या घरी पोहोचवणाऱ्या नाथांनी वस्ती बदलली नाही. ज्या गावाने त्यांना छळले तेथेच राहून, आपल्या वागण्याने त्यांनी त्या गावाचा शेजार घडवला. प्रत्येकाकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा धरता येत नाही, परंतु ज्याला नव्या वस्तीत जायचे आहे त्याने कोणत्या खुणा शोधाव्यात हे या उदाहरणावरून कळते. लिफ्टच्या दाराशी घरकाम करणाऱ्या बायकांनी ही लिफ्ट वापरू नये अशी पाटी आहे का, रखवालदाराला बसायला सावली आणि प्यायला पाणी आहे का, कचरा उचलणाऱ्या माणसाला कोणी नावाने हाक मारते का, उन्हाळ्यात टँकर आला की पाण्याचे वाटप कसे ठरते, सोसायटीच्या आवारात रखवालदाराचे मूल इतर मुलांबरोबर खेळू शकते का: घर पाहायला गेलेल्या माणसाला हे सारे अर्ध्या तासात दिसू शकते, आणि मुलाच्या घडणीशी त्याचा संबंध शेजाऱ्यांच्या आडनावांपेक्षा कितीतरी जवळचा असतो. लिफ्टपाशी जे मूल रोज ती पाटी वाचते, त्याला घरी कितीही संतवचने शिकवली तरी त्या पाटीचा धडा पुसला जात नाही.

घर घेतल्यावर हा प्रश्न संपत नाही, कारण सभासद झालेला माणूस थोड्याच काळात ज्यांच्या संमतीची वाट पाहत होता त्यांच्यापैकी एक होतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत पाटी ठेवावी की काढावी यावर त्याचेही मत मोजले जाते, आणि कार्यकारिणीवर निवडून आल्यास भाड्याने राहू इच्छिणाऱ्या पुढच्या कुटुंबाची चौकशीही त्यालाच करावी लागते. त्या कुटुंबाला कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते विचारायचे नाहीत, हे ठरवताना त्याच्यासमोर आता विकत घेण्याची जागा नसते; तेथे काय केले जाते हे ठरवणाऱ्यांत तो स्वतःच असतो.