तळ्याकाठचे घर

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात हल्ली एक विषय हमखास निघतो. कोणी मुळशीला, कोणी पवनेला बंगला पाहून आलेले असते. मुले परदेशी, वसईत पूर्वीची शांतता नाही, हाताशी थोडी शिल्लक आहे. मग पाण्याकाठी एक छोटे घर का असू नये? आम्ही दोघेही गेल्या महिन्यात मुळशीला एक घर पाहून आलो. खरे सांगायचे तर मोह पडला.

तेथे चहाच्या टपरीवर बसलो असता टपरीवाल्या मावशींना सहज विचारले, 'तुमचे गाव कोणते?' त्यांनी पाण्याकडे बोट दाखविले. आजोबांचे घर तिथे होते म्हणाल्या. आपण ज्याला तळे म्हणतो ते टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणाचे पाणी आहे. १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, पण धरण झालेच.

आज तेथे घर घेणे कायदेशीर आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास १९४८ च्या कुळकायद्याची आडकाठी येते, पण आपल्यापैकी पुष्कळांच्या नावे वाडवडिलांचा सात-बारा आहे. म्हणजे कागद बिनचूक होतील. परंतु कागद बिनचूक असले की झाले का? वसईकराला हे समजावून सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसईसाठी आपली माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा जमिनी घेणाऱ्यांपाशीही कागद होतेच. त्यांना आपण 'बाहेरचे' म्हणत होतो. मुळशीत ते बाहेरचे आपण असू.

अहाब राजा आणि नाबोथ यांची गोष्ट आठवताना आपल्याला नाबोथाचा खून तेवढा आठवतो. राजाचा पहिला प्रस्ताव मात्र रास्त होता: अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत. तरी नाबोथ नाही म्हणाला. वडिलांचे वतन त्याला विकायचे नव्हते.

मग घेऊच नये काय? तसेही आम्हांला म्हणवत नाही. विकणाऱ्यालाही मुलीचे शिक्षण असते, दवाखाना असतो. त्याने जमीन विकू नये हे ठरविणारे आपण कोण? प्रश्न घेतल्यानंतरचा आहे. वर्षातले पंधरा-वीस दिवस आपण राहणार आणि घर बाराही महिने तेथे असणार. शोषखड्डा पाण्यालगत खणला तर घाण त्याच पाण्यात झिरपते. बागेसाठी बोअर मारली आणि मे महिन्यात शेजारची विहीर आटली तर? टँकरांनी आपल्या विहिरी आणि बावखले उपसली तेव्हा आपण किती तळमळलो होतो! राखणदाराला पगार बारा महिन्यांचा द्यायचा की आपण गेलो तेवढ्याच दिवसांचा, हेही आधीच ठरवावे लागेल.

आम्ही पाहिलेल्या प्लॉटमधून एक पायवाट थेट पाण्यापर्यंत जाते. गावातल्या म्हशी त्याच वाटेने उतरतात, बायका धुणे घेऊन जातात. एजंट म्हणाला, 'काळजी करू नका, ताबा देण्याआधी तारेचे कुंपण घालून देऊ.' आम्ही म्हटले, कुंपण त्या वाटेच्या अलीकडे घाला, आणि वाट खरेदीखतात तशी लिहा. त्यावर तो हसला. त्या जागेचे पैसे कमी होणार नाहीत, एवढे त्याने बजावले. खताचे मात्र मालकाला विचारून कळवतो म्हणाला. त्याचा फोन अजून आलेला नाही.