आजीची साक्ष आणि यकृताचा हिशेब

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात आयुष्य काढलेला रॉबर्ट बर्टन हा पाद्री खिन्नतेचा जुना रोगी होता. मन गुंतवायला काहीतरी हवं, म्हणून त्याने खिन्नतेवरच लिहायला घेतलं आणि १६२१ मध्ये ‘द ॲनाटमी ऑफ मेलन्कली’ हा जाडजूड ग्रंथ छापून आला. १६२८ च्या आवृत्तीत त्याला एक कोरीव चित्रांचं मुखपृष्ठ जोडलं गेलं. त्यात प्रेमवेडा आहे, अंधश्रद्ध भक्त आहे, बेड्या घातलेला वेडा आहे, आणि खालच्या बाजूला दोन चौकटींत दोन झाडं आहेत. एक बोरेज, दुसरं हेलेबोर. मनावरचं मळभ घालवणारी आणि हृदयाला उभारी देणारी औषधं म्हणून त्यांना तिथे मानाची जागा मिळाली.

या दोघांपैकी विषारी कोणतं, असं त्या काळी कोणालाही विचारलं असतं तर त्याने डोळे झाकून हेलेबोरकडे बोट दाखवलं असतं. हेलेबोरने भयंकर उलट्या-जुलाब होत आणि मात्रा चुकली तर माणूस जाई. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्ये, हेलेबोरनंतर आलेले झटके जीवघेणे असतात, अशी स्वच्छ ताकीद आहे. बोरेजवर असा आळ कोणी घेतला नाही. चांदणीच्या आकाराची निळी फुलं, काटेरी लव असलेली खरखरीत पानं, चव थेट काकडीची. प्लिनीच्या काळापासून लोक ते वाइनमध्ये टाकत आले आणि त्याने चित्त प्रसन्न होतं असं एकमेकांना सांगत आले. (नुसत्या वाइननेही चित्त प्रसन्न होतं, ही शंका त्या काळी फारशी कोणाला आलेली दिसत नाही.) १६९९ मध्ये जॉन एव्हलिनने सॅलडवर पुस्तक लिहिलं, त्यातही रात्रंदिवस अभ्यास करून कोमेजलेल्या विद्यार्थ्याला बोरेज तरतरी देतं, अशी शिफारस आहे.

आता विषशास्त्राचा अभ्यासक बोरेजच्या पानाकडे बघून भुवया उंचावतो. त्या पानात पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स नावाच्या रसायनांचा एक गट असतो. लायकोप्सामीन, इंटरमेडीन, अमाबिलीन ही त्यांतली काही नावं. ही रसायनं पोटात जातात तेव्हा बरीचशी निरुपद्रवी असतात. शरीरातली विषं निकामी करण्याचं काम ज्याच्याकडे, त्या यकृताचीच वितंचकं त्यांचं रूपांतर तिखट, चिकटून बसणाऱ्या रेणूंमध्ये करतात. ते रेणू यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर जाळतात, वाहिन्या बुजतात, पोटात पाणी साठतं. मात्रा थोडी आणि काळ लांबचा असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. शिवाय हे रेणू डीएनएलाही चिकटतात, त्यामुळे कर्करोगाची शंका कायम राहते.

इथे वैद्यकाचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या दारात येऊन उभा राहतो. पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिक माणसांनी ‘आम्ही खातो, काही होत नाही’ अशी साक्ष दिली. त्यांनी खोटं सांगितलं नाही. मग त्या साक्षीचं करायचं काय?

मराठी वाचकाला या प्रश्नासाठी परक्या दारात जायची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या अकराव्या अध्यायात ज्ञान पारखण्याच्या चार कसोट्या दिल्या आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. गंमत म्हणजे या कसोट्या तिथे औषधांच्या चर्चेत आलेल्या नाहीत. पुनर्जन्म खरा की खोटा, या वादात त्या आल्या आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या, या क्षणी फळ न देणाऱ्या गोष्टीबद्दल खात्रीने काही बोलता येतं का, हाच तिथला पेच. बोरेजचाही पेच तोच आहे, फक्त फळ पुढच्या जन्माऐवजी वीस वर्षांनी मिळायचं असतं.

आप्त म्हणजे ज्याचं बोलणं प्रमाण मानावं असा माणूस. पण चरक ही पदवी कोणालाही वाटत नाही. रज आणि तम यांतून जो सुटला आहे आणि भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांचं ज्याचं ज्ञान अडत नाही, तो आप्त. घरातली आजी पहिल्या अटीत बऱ्यापैकी बसते. तिला कोणाला काही विकायचं नसतं. दुसऱ्या अटीत ती अडकते. सकाळी दिलेल्या काढ्याने संध्याकाळी उलटी झाली, तर तिच्या ते कायम लक्षात राहील आणि तिच्या नातीच्याही. पण चाळिशीत खाल्लेल्या पानाने साठीत यकृत कडक झालं, तर मधल्या काळातल्या हजार गोष्टींतून ते एक पान वेगळं काढायचं कसं? हेलेबोरला परंपरेने पकडलं, कारण तो चोर दिवसाढवळ्या घरात शिरत होता. ‘हजारो वर्षं लोक खात आलेत’ हे वाक्य म्हणूनच झटपट मारणाऱ्या विषांपुरतं भक्कम आहे. सावकाश मारणाऱ्या विषांबद्दल ते जवळजवळ मुकं आहे.

बोरेजमधल्या या अल्कलॉइड्सचं विष किती सावकाश किंवा किती झटपट, हे मात्रेवर ठरतं, आणि मोठ्या मात्रेचे दाखले दूरचे नाहीत. १९७५ च्या सुमारास तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या, आता छत्तीसगडमधल्या सरगुजा जिल्ह्यात पोट फुगून माणसं दगावू लागली. शोध घेतला तेव्हा दोष गोंदली या भरड धान्यात निघाला. त्यात क्रोटालॅरियाचं बी मिसळलेलं होतं. आपल्याकडे ज्यांना खुळखुळा म्हणतात, त्यांच्याच प्रजातीतलं हे तण. किमान ६७ जण आजारी पडले आणि त्यांतले २८ गेले. त्याच सुमारास अफगाणिस्तानात हेरात प्रांतातल्या गुलरानमध्ये दुष्काळानंतरच्या गव्हात ‘चारमक’ नावाच्या तणाचं बी मोठ्या प्रमाणात आलं. तपासलेल्या सुमारे ७,२०० लोकांपैकी पाचातल्या एकाहून अधिकाच्या यकृतावर त्याच्या खुणा सापडल्या. चारमक म्हणजे हेलिओट्रोपियम, वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला परंपरेने बोरेजच्याच कुळात धरत आले. आपल्या बांधावरची भुरुंडीही त्यातलीच.

सरगुजातल्या आदिवासींना निवड नव्हती. घरात होतं ते दळलं आणि खाल्लं. कोणी स्वतःहून कॅप्सूल विकत घेतं त्याच्याशी हा प्रसंग एका तागडीत तोलता येत नाही. पण विषाचा रासायनिक वंश एकच आहे.

आजीच्या साक्षीत आणखी एक अडचण आहे. साक्ष नक्की कोणाबद्दल आहे? इब्न सिनाने हमदानमध्ये असताना हृदयाच्या औषधांवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हृदयातला ‘रूह’ भरपूर आणि तेजस्वी असला की माणूस आनंदी होतो, असा त्याचा सिद्धान्त होता. आनंदाला शरीरात जागा शोधून देण्याचा तो मोठा धाडसी प्रयत्न होता, आणि त्या रूहला उजळवणाऱ्या औषधांत ‘बैलाची जीभ’ या अर्थाच्या नावाची वनस्पती आहे. फार्सीत तीच गावजबान झाली आणि युनानी वैद्यकाबरोबर भारतात आली. खमीरा गावजबान आजही मिळतो. पण भारतातल्या बाजारात गावजबान म्हणून ओनोस्मा विकलं जातं, कॅक्सिनिया विकलं जातं, पुस्तकांत बोरेज लिहिलेलं असतं, आणि इराणी लोक सुकवलेल्या लिंबासोबत ज्या जांभळ्या फुलांचा चहा करतात ते एकियम असतं. इराणमध्ये या एकियमची सौम्य आणि मध्यम नैराश्यावर ३५ रुग्णांत चाचणी झाली. चौथ्या आठवड्यात फरक दिसला, सहाव्या आठवड्यात तो ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता. ही चाचणी जाहिरातीत बोरेजच्या नावावर खपवणं म्हणजे एकाच्या जबानीवर दुसऱ्याला निर्दोष सोडणं.

नावांच्या या घोळात मराठी घरांनी घाबरून जायचं कारण नाही, हेही सांगून टाकलं पाहिजे. इंग्रजीत ज्याला ‘इंडियन बोरेज’ म्हणतात तो आपला पानओवा. त्याची जाड, मऊ पानं बेसनात बुडवून भजी होतात, खोकल्यावर रस देतात. तो तुळस-पुदिन्याच्या कुळातला आहे. बोरेजशी त्याचं काही नातं नाही.

आता अनुमानाकडे वळावं, कारण विज्ञानाच्या नावाने होणारी फसगतही याच झाडाने दाखवली. बोरेजच्या बियांच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल नावाचं मेदाम्ल विपुल असतं, साधारण वीस टक्क्यांच्या वर. वनस्पतींत इतकं क्वचितच आढळतं. एक्झिमाच्या रोग्यांमध्ये या आम्लाशी निगडित मेदांचा तोल बिघडलेला असतो, असं संशोधकांना वाटत होतं. मग तर्क सरळ होता: कमी आहे ते बाहेरून द्या. तेलाच्या कॅप्सूल वर्षानुवर्षं खपल्या. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये दीडशेच्या आसपास मुलं आणि प्रौढ यांच्यावर बारा आठवड्यांची चाचणी झाली. निम्म्यांना तेल, निम्म्यांना दिसायला तसंच पण निष्क्रिय काहीतरी. तेलवाल्यांना जास्त फायदा झाला नाही. २०१३ मध्ये वैद्यकीय चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने बोरेज आणि ईव्हनिंग प्रिमरोज या दोन्ही तेलांवरच्या २७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष तोच निघाला. ब्रिटनच्या औषध नियामकाने तर २००२ मध्येच प्रिमरोज तेलाच्या औषधांचा परवाना काढून घेतला होता. संधिवातात या आम्लाने थोडा आराम पडतो असं काही चाचण्या सांगतात, पण तिथेही दावा बेताचाच आहे. नीटस, रासायनिक, सूट-बूट घातलेला तर्कसुद्धा प्रत्यक्षाच्या दारात परत आणून तपासावा लागतो. आजीला हसणाऱ्यांनी हे विसरू नये.

मुळात या साऱ्या चर्चेखाली एक धार्मिक गृहीतक दडलेलं आहे: झाडं आपल्यासाठी आहेत. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये ते उघडच मांडलं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात त्याला भक्तीची जोड मिळाली. देवाने प्रत्येक झाडावर त्याचा उपयोग खुणेने लिहून ठेवला आहे, असं पॅरासेल्सस या वैद्याचे अनुयायी मानत. आपल्याकडे जीवकाची गोष्ट आहे. तक्षशिलेच्या गुरूंनी त्याला सांगितलं, योजनभर फिर आणि औषध नसलेली वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हाती परतला आणि उत्तीर्ण झाला. ही गोष्ट ‘सगळं नैसर्गिक ते सगळं चांगलं’ या अर्थाने सांगितली जाते, पण जीवकाने असं काही म्हटलेलं नाही. चरकाने तर तीक्ष्ण विषही नीट योजलं तर उत्तम औषध होतं आणि औषध चुकीचं योजलं तर तीक्ष्ण विष होतं, असं एका दमात सांगून ठेवलं आहे. योजणाऱ्याला बाजूला काढलं की झाड एकटं चांगलंही नसतं आणि वाईटही नसतं.

झाडाच्या बाजूने पाहिलं तर हे अल्कलॉइड त्याचं चिलखत आहे. आणि ते चिलखत चोरणारेही आहेत. सह्याद्रीत भुरुंडीच्या सुकलेल्या फांद्यांवर किंवा खुळखुळ्यावर ब्लू टायगर, प्लेन टायगर ही फुलपाखरं दाटीने बसलेली दिसतात. बहुतेक नर असतात. सोंडेने ओली थुंकी सोडून ती वाळक्या देठातलं अल्कलॉइड विरघळवतात आणि शोषून घेतात. त्यातूनच मादीला भुलवणारा गंध तयार होतो, आणि पक्ष्यांना कडवटपणाची ताकीदही मिळते. आपलं यकृत ज्याने जळतं, त्याच्यावर त्यांचा संसार चालतो. देवाने कोणासाठी काय लिहिलं, हे वाचायला बसणाऱ्याने या फुलपाखरांनाही विचारायला हवं.

मग बोरेज खायचं की नाही? फ्रँकफर्टला या प्रश्नाचं उत्तर दर वर्षी ताटात वाढलं जातं. तिथल्या ‘ग्रीन सॉस’मध्ये सात प्रकारचे पाले लागतात आणि त्यांत बोरेज असतंच, इतर सहा म्हणजे पार्सली, चाइव्ह, चेर्व्हिल, क्रेस, सॉरेल आणि बर्नेट. कागदात गुंडाळलेली जुडी बाजारातून येते, सगळं बारीक चिरून आंबट दह्या-सायीत कालवतात आणि उकडलेल्या बटाट्या-अंड्यांबरोबर खातात. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी ते खाण्याची रीत आहे. उत्तर स्पेनमध्ये आरागोनचे लोक लव खरवडून बोरेजचे देठ बटाट्यांबरोबर उकडतात. सणासुदीला, मोसमात, इतर पाल्यांत मिसळून थोडं खाणं वेगळं आणि सुकलेल्या पानांचा काढा रोज दोन वेळ महिनोन्‌महिने पिणं वेगळं. पहिल्यात परंपरेने न सांगता मात्रा सांभाळलेली असते. दुसऱ्यात परंपरेची पुण्याई घेतली जाते आणि तिची चौकट फेकून दिली जाते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं आणि यकृताचे रोगी यांनी पान औषध म्हणून घेऊच नये. बियांचं तेल घ्यायचंच असेल तर त्यात हे अल्कलॉइड नाहीत याची तपासणी झालेलं असावं. फिट येणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. एका स्त्रीला आठवडाभर बोरेज तेल घेतल्यानंतर न थांबणाऱ्या झटक्यांनी रुग्णालयात आणावं लागल्याची नोंद २०११ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे.

उरला आकड्यांचा प्रश्न, आणि तिथेच चरकाची चौथी कसोटी, युक्ती, कामाला येते. अनेक कारणांची गुंफण तिन्ही काळांत पाहणारी बुद्धी म्हणजे युक्ती, अशी तिची व्याख्या आहे. ‘मात्रा ठरवते विष’ हे पॅरासेल्ससचं सूत्र डीएनएला चिकटणाऱ्या विषांपुढे अडखळतं, कारण ज्याखाली धोका शून्य अशी रेघ तिथे ओढता येत नाही. तरी कायद्याला रेघ लागते. जर्मनीने १९९२ मध्ये वनौषधींसाठी या अल्कलॉइडची मर्यादा दिवसाला १ मायक्रोग्रॅम ठेवली, तीही वर्षातून सहा आठवड्यांपुरती. युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये ती ०.३५ मायक्रोग्रॅमवर आणली आणि २०२१ मध्ये पुन्हा १ मायक्रोग्रॅमवर नेली. मधल्या काळात असं लक्षात आलं होतं की कॅमोमाइलसारख्या निर्दोष पाल्यांच्या चहातसुद्धा शेतातल्या तणांतून हे विष येतं, आणि ते पूर्ण टाळणं कोणत्याही शेतकऱ्याला जमण्यासारखं नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला गाठींचं प्रमाण किंचित वाढतं, तिचा दहा हजारावा भाग काढून तो पन्नास किलो वजनाच्या माणसाला लावला की जवळपास हा १ मायक्रोग्रॅम येतो. मुलांसाठी वजनाच्या प्रमाणात तो आणखी खाली जातो.