'पुढें केव्हां तरी'

मनुष्य आपल्या जिवलगांस जीं आश्वासनें देतो, त्यांत 'पुढें केव्हां तरी' हें सर्वांत स्वस्त होय. देणारास त्याची किंमत पडत नाहीं, घेणारा त्याची मुदत विचारीत नाहीं, आणि मुदतच नसल्यामुळें तें मोडलें असेंहि कोणास म्हणतां येत नाहीं. अशा आश्वासनानें मनुष्य बांधला जातो काय, हा प्रश्न आम्ही वर्गांत अनेक वर्षें विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आलों आहों. त्याचें उत्तर मात्र आम्हांस गेल्या माघांत कासूच्या फाट्यावर शोधावें लागलें.

पेण व नागोठणें यांच्या दरम्यान, पनवेल-रोहा लोहमार्गावर, कासू हें लहानसें स्टेशन आहे. त्या गांवीं आमची वडील बहीण राहते. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक, हिरकणीचा कडा, हें सारें आम्हीं प्रथम ऐकलें तें अक्काच्या तोंडून, चुलीपाशीं बसून. पुढें आम्ही पदव्या घेतल्या व विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन पांच वेळां रायगड चढलों. सत्तरी गांठलेल्या अक्कानें तो एकदांहि पाहिला नव्हता. दर सुटींत आम्हीं म्हणावें, "अक्का, पुढें केव्हां तरी जाऊं," आणि तिनें हंसून म्हणावें, "जाऊं रे. गड कुठें पळून जातो?"

त्या दिवशीं पेणेस तिचे डोळे दाखवून आम्ही मोटारीनें परतत होतों. काचबिंदूचें निदान झालें होतें. त्या विकारांत गेलेली दृष्टि परत मिळत नाहीं. उरलेली तेवढी औषधोपचारानें जपावयाची. अक्का वाटभर बोलली नाहीं. कासूचा फाटा आला तेव्हां तिनें विचारलें, "हा रस्ता सरळ कुठें जातो रे?"

"माणगांव, महाड."

"मग तूं वळतोस कशाला?"

आम्ही वळलों नाहीं.

नागोठण्यास अंबा नदीवरील जुना पूल, सोळाव्या शतकांत चौलच्या काजी अलाउद्दीनानें बांधविलेला, तिनें गाडी थांबवून पाहिला. पाचाडास जिजाबाईंच्या समाधीपुढें हात जोडून आम्ही रोपवेनें गडावर गेलों. हळूहळू चालत ती जगदीश्वराच्या देवळापाशीं आली. गड बांधणारा हिरोजी इंदुलकर यानें आपलें नांव तेथें पायरीवर कोरविलें आहे, सेवेस सदैव तत्पर असा म्हणून. आम्ही तें वाचून दाखवूं लागलों, तों तिनें आम्हांस थांबविलें. पायरीपाशीं बसून तिनें एकेका अक्षरावरून बोट फिरविलें व स्वतःच वाचलें. त्या पायरीपाशीं उभे राहून आम्हीं पांच वेळां व्याख्यान दिलें होतें. पण इतका वेळ तिच्याकडे आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें.

आतां कोणी विचारील, कांहीं न ठरवितां निघणें यांत सद्गुण तो कोणता? हा आक्षेप खोटा नाहीं. कासूस अक्काची सून पानें घेऊन आमची वाट पाहत उपाशी बसली होती. तिला फोन करावयाचें आम्हांस माणगांव ओलांडल्यावर सुचलें. म्हणून आम्ही प्रत्येक अकल्पित कृतीची भलावण करणार नाहीं. लहर व उत्स्फूर्तता यांत भेद केला पाहिजे. लहर ज्या क्षणीं उपजते त्याच क्षणीं तिला तृप्ति हवी असते. उत्स्फूर्त कृति वरून तशीच दिसली तरी तिच्यामागें वर्षानुवर्षांची इच्छा असते. फळ एका क्षणांत गळतें, परंतु पिकलेलें असतें अनेक दिवसांचें. सुनेस न कळविणें ही आमची लहर होती. गाडी न वळविणें ही नव्हती.

कांटनें कर्तव्यांचे दोन वर्ग मानिले. दिलेला शब्द पाळणें हें पहिल्या वर्गांतलें. तेथें सवलत नाहीं. परोपकारासारखीं कर्तव्यें दुसऱ्या वर्गांतलीं. तीं केव्हां व किती करावीं हें बरेंचसें कर्त्याच्या विवेकावर सोपविलेलें असतें. आम्हीं शब्द दिला तो पहिल्या वर्गांतला, आणि सवलत घेतली ती दुसऱ्या वर्गाची. आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून ही चलाखी सर्रास चालते. आईची काशी मुलांच्या परीक्षांनंतर, पत्नीचें वेरूळ आमच्या निवृत्तीनंतर. खोटें कोणीच बोलत नाहीं, आणि तरी शब्द कोणाचाहि खरा होत नाहीं.

गड पळून जात नाहीं, असें म्हणून आम्ही दोघांनीं एकमेकांची समजूत घातली. पण पाहणारे डोळे जातात, हें पेणेस कळलें. शिवाय गड तरी आपोआप कोठें टिकतो? १८१८ मध्यें रायगड इंग्रजांच्या हातीं गेला व पुढें महाराजांची समाधिहि दुर्लक्षित राहिली. १८९५ मध्यें लोकमान्य टिळकांनीं तिच्या जीर्णोद्धाराची चळवळ हातीं घेतली. १८९६ मध्यें गडावर उत्सव झाला. तेव्हांहि 'पुढें केव्हां तरी' म्हणणारे थोडे नसतील. आम्हांस ती समाधि दिसते, ती ज्यांनीं तसें म्हटलें नाहीं त्यांच्यामुळें.

परततांना अंधार पडला होता. नागोठणें मागें टाकल्यावर अक्का म्हणाली, "चौल राहिलें रे." सवयीनें तेच तीन शब्द आमच्या ओठांवर आले. ते गिळून आम्ही म्हणालों, "येत्या रविवारीं."

"सुनेला मात्र आधीं विचार," ती म्हणाली. "तीहि येईल."